डीप एंड (चित्रपट)

पोलिश दिग्दर्शक येझी स्कोलिमोव्स्की यांचा 1970 सालचा इंग्रजी चित्रपट. निर्मिती ब्रिटन व पश्चिम जर्मनीची. शीर्षकाचा सरळ अर्थ, पोहण्याच्या तलावाची खोल बाजू. कथा लंडनमधली असली तरी चित्रीकरण मुख्यतः म्युनिचमध्ये झाले. सोहो आणि लेटनस्टोनमधली काही बाह्यदृश्ये तेवढी अस्सल लंडनची. त्यामुळे हे शहर किंचित परके वाटते, आणि ते चित्रपटाच्या पथ्यावरच पडले आहे.

शाळा सोडलेला पंधरा वर्षांचा माईक (जॉन मोल्डर-ब्राउन) सार्वजनिक स्नानगृहात नोकरीला लागतो. गिऱ्हाइकांना टॉवेल-साबण द्यायचे, न्हाणीघरे आवरायची, मिळेल ती टिप खिशात टाकायची. सहकारी सूझन (जेन अ‍ॅशर) वयाने मोठी, साखरपुडा झालेली. शिवाय माईकच्या जुन्या पीटीच्या सरांशीही तिचे सूत जुळलेले. माईक तिच्यावर पाळत ठेवू लागतो. सोहोत ती बाहेर येण्याची वाट पाहताना तो एकाच गाडीवरून हॉटडॉगमागून हॉटडॉग घेत राहतो. मग सूझनसारख्या दिसणाऱ्या बाईचा पुठ्ठ्याचा पुतळा क्लबाबाहेरून पळवतो आणि तो घेऊन थेट भुयारी रेल्वेत शिरतो. इथवर हसू येते. पाठीमागे जर्मन बँड कॅनचे ‘मदर स्काय’ मात्र थांबायचे नाव घेत नाही. इतर गाणी कॅट स्टीव्हन्स यांची.

शेवटचा प्रसंग हिऱ्याचा. झटापटीत सूझनच्या अंगठीतला खडा बर्फात पडतो. दोघे तेवढी जागा आखून घेतात, बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरतात आणि बंद स्नानगृहातल्या रिकाम्या तलावात आणतात. छताचा दिवा खाली ओढून त्याच्या वायरीवर किटली चालवायची, बर्फ वितळवायचा, पाणी सूझनच्या टाइट्समधून गाळायचे. खडा सापडतो. इतक्यात आत कुणी आहे याची कल्पना नसलेला कामगार तलावाचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी चढत असताना सूझन निघायला बघते. तिला थांबवण्याच्या धडपडीत माईकने भिरकावलेला तोच दिवा तिच्या डोक्याला लागतो.

बरीच वर्षे हा चित्रपट सहजी बघायला मिळत नव्हता. 2011 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुनरुज्जीवित प्रत प्रदर्शित केली. पाहायचा तर याच प्रतीत. छायालेखक चार्ली स्टाइनबेर्गर यांचे रंग इथे कथेचेच काम करतात. काठावरचा लाल रंगाचा डबा कलंडल्यावर पाण्यात रंग किती आणि रक्त किती, हे डोळ्यांना ठरवता येत नाही.