पैसा खर्च झाला, पण झालं काय? सरकारी खर्चाच्या आढाव्यामागची गोष्ट

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचा, रिपोर्ट आला की दोन दिवस चॅनेलवर गदारोळ होतो आणि मग सगळं थंड. पण सरकारी खर्च तपासायचा कशासाठी, नुसती चोरी पकडायला की पुढच्या वर्षी पैसा कुठे घालायचा ते ठरवायला, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षं जुना आहे, आणि तो ज्यांनी लावून धरला त्यातली बरीच मंडळी मुंबईत शिकलेली किंवा मुंबईतच वाढलेली.

दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे. १८७३ मध्ये ते लंडनला पार्लमेंटच्या समितीपुढे आकडे घेऊन साक्षीला गेले होते. १८९५ मध्ये भारताच्या खर्चावर रॉयल कमिशन नेमलं गेलं, ज्याला वेल्बी कमिशन म्हणतात, त्यात दादाभाई स्वतः सदस्य होते आणि १८९७ ला या कमिशनसमोर साक्ष द्यायला इथून दिनशा वाच्छा आणि गोपाळ कृष्ण गोखले गेले. मुद्दा सरळ होता: लष्कर, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार-पेन्शन, लंडनमधला कारभार, हे सगळं बिल भारतीय रयतेनं का भरायचं? १९०० च्या अहवालातून फार काही पदरात पडलं नाही.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते गोखल्यांचं मार्च १९०२ चं बजेटवरचं भाषण. सरकार वर्षामागून वर्ष शिल्लक दाखवत होतं, आणि इकडे दुष्काळ आणि प्लेगनं माणसं मरत होती. गोखले म्हणाले की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, कर गरजेपेक्षा जास्त वसूल होतोय आणि रुपयाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवलाय म्हणून ती दिसतेय. तेव्हा कौन्सिलमध्ये, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, बजेटवर फक्त बोलता यायचं, मत देता यायचं नाही, तरी माणूस सरकारचेच आकडे घेऊन उभा राहिला. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणानं झालं असं मी म्हणणार नाही, पण आकडे वाचून धोरण मागायची पद्धत आपल्याकडे इथून रुजली.

ब्रिटनमध्ये लोकलेखा समिती, म्हणजे ऑडिटचे अहवाल तपासणारी लोकप्रतिनिधींची समिती, १८६१ ची, आपल्याकडे ती १९२१ ला आली. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरीत खड्डा पडला तेव्हा इंचकेप समिती बसली, तिचं काम म्हणजे कुठे कुठे कात्री लावायची ते सांगणं. आढावा म्हणजे कपात ही समजूत तेव्हापासूनची, आणि ती अजून गेलेली नाही. स्वातंत्र्यानंतर डॉ. आंबेडकरांनी, ज्यांनी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं आणि प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर डॉक्टरेट केली होती, १९४९ मध्ये घटना समितीत सांगितलं की महालेखापरीक्षक, म्हणजे आपला कॅग, हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. कलम १४८ ते १५१ त्याच्यासाठीच.

पण ऑडिट मुख्यतः विचारतं नियम पाळला का. योजनेनं काम केलं का, हा पुढचा प्रश्न, आणि तो यायला वेळ लागला. नेदरलँड्सनं १९८१ पासून चालू खर्चाचाच फेरविचार करायची रीत घातली, ब्रिटननं १९९८ ला सगळ्या खात्यांचा एकत्र आढावा घेऊन तीन वर्षांचा खर्च ठरवला. महाराष्ट्रात १९८६ मध्ये शंकरराव चव्हाणांनी झिरो बजेट आणलं, म्हणजे गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदा मिळणार नाहीत, प्रत्येक योजनेनं पुन्हा शून्यापासून आपली गरज पटवायची. कल्पना चांगलीच होती, पण प्रत्येक खात्याला दरवर्षी स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला लावणं कुठल्याच मंत्रालयाला झेपत नाही, आणि पुढे तिचा जोर ओसरला. केंद्रानं २००५ ला आउटकम बजेट आणलं, म्हणजे पैशाबरोबर त्यातून काय साध्य होणार तेही मांडायचं.

बजेटचं पुस्तक उघडून बघा कधीतरी. एका लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या एका बाबीपुढे, चार रकाने: मागची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. चारही पैशाचे. त्या पैशातून काय उभं राहिलं याला त्या ओळीत जागाच नाही, त्यासाठी वेगळं पुस्तक, आणि ते उघडतो कोण?

याची सगळ्यात मोठी किंमत आपण सिंचनात मोजली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात दिसलं की दहा वर्षांत पिकाखालच्या जमिनीत सिंचनाचं प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्के झालं, आणि त्याच काळात धरणं-कालव्यांवर हजारो कोटी गेले होते. त्या एका आकड्यानं राज्याचं राजकारण हललं, नोव्हेंबर २०१२ ला श्वेतपत्रिका आली, मग जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आणि पुढच्या पाहणी अहवालांत तोच आकडा 'उपलब्ध नाही' असा छापून यायला लागला. हे मला आजही पटत नाही. नको असलेला आकडा दिसला तर आकडाच बंद, मग धोरण ठरवायचं कशावर?

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. पगाराच्या स्लिपवर दरमहा पीटी कापलेला दिसतो ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला, १९७२ च्या दुष्काळानंतर. मुंबईतल्या नोकरदाराचा पैसा गावाकडच्या कामावर जाणार होता, त्यामुळे कुठून आला, कुठे गेला हे विचारणारे खूप होते, अभ्यासकांनी ती योजना वर्षानुवर्षं खणून काढली, तिचे दोषही लिहिले, आणि २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा करताना महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता.

आता अडचण वेळेची आहे. राज्याचे कॅग अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, चर्चेला वेळच उरत नाही, आणि लोकलेखा समिती त्यातल्या परिच्छेदांपर्यंत पोचते तोवर कित्येक वर्षं उलटलेली असतात. खाती पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आसपास तयार करायला बसतात. तेव्हा तो अहवाल टेबलावर असायला हवा, मार्चमध्ये नाही.