पेटंटवरून लॅपटॉपचे भाकीत

पेटंट कार्यालयांनी प्रसिद्ध केलेले अर्ज आणि मंजूर पेटंटे वाचून पुढे बाजारात येणाऱ्या लॅपटॉपची रचना कशी असेल याचा अंदाज बांधण्याची रीत. अर्ज सार्वजनिक असतात, फुकट वाचता येतात आणि त्यांना आकृत्या जोडलेल्या असतात, एवढ्या भांडवलावर हा उद्योग चालतो. प्रतिस्पर्धी कंपन्यांतले विश्लेषक आणि पेटंट एजंट हे काम पोटासाठी करतात, हौशी मंडळी करमणुकीसाठी. पुण्यात दोन्ही जातींचे लोक भेटतात. शिवाय एक तिसरी जात आहे: मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्यावर लॅपटॉप घ्यायला निघालेले आणि ‘नवीन डिझाइन येतंय म्हणे, थोडं थांबू या का?’ असे विचारणारे पालक. पेटंटाच्या बातमीवर विसंबून थांबण्यात सहसा अर्थ नसतो.

प्रसिद्धीचे वेळापत्रक : पेटंटचा अर्ज दाखल झाल्याबरोबर कोणाला दिसत नाही. बहुतेक देशांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १८ महिने तो झाकलेला राहतो आणि मग प्रसिद्ध होतो. अमेरिकेचे कार्यालय असे अर्ज दर गुरुवारी प्रसिद्ध करते, मंजूर पेटंटे दर मंगळवारी. भारतीय पेटंट कार्यालयाचे जर्नल शुक्रवारी निघते. या नादी लागलेल्यांच्या आठवड्याला त्यामुळे ठरलेले वार असतात.

भाकिताच्या दृष्टीने हे १८ महिने फार गैरसोयीचे. अगदी तोंडावर आलेल्या लॅपटॉपचा अर्ज बहुधा झाकलेलाच असतो आणि तो उघड होईपर्यंत वस्तू दुकानात येऊन जुनी होत आलेली असते. चुंबकाने चिकटणाऱ्या आणि वायरीत पाय अडकला तर अलगद सुटणाऱ्या अ‍ॅपलच्या ‘मॅगसेफ’ चार्जरचा अर्ज सप्टेंबर २००५ मध्ये दाखल झाला. जानेवारी २००६ मध्ये तो चार्जर मॅकबुक प्रोबरोबर विक्रीसाठी जाहीर झाला आणि पेटंट मंजूर झाले डिसेंबर २००७ मध्ये. जपानी स्वयंपाकघरांतल्या विजेच्या तळणभांड्यांना अशी चुंबकी जोडणी आधीपासून होती. त्यामुळे मॅगसेफचे भाकीत करायचेच असते, तर पेटंट कार्यालयापेक्षा जपानमधल्या भांड्यांच्या दुकानात ते लवकर जमले असते.

पूर्वी तर एवढीही सोय नव्हती. २९ नोव्हेंबर २००० पूर्वी दाखल झालेले अमेरिकी अर्ज मंजूर झाले तरच लोकांसमोर येत. नाकारलेले कायमचे फायलीत राहत. पडदा कीबोर्डवर मिटणारी, आज घरोघरी दिसणारी घडी ज्यात पहिल्यांदा नीट साधली तो ग्रिड कंपास हा लॅपटॉप १९८२ साली आला, पण त्याचे अमेरिकी पेटंट मंजूर झाले १९८६ मध्ये. आयबीएमच्या १९९५ च्या थिंकपॅड ७०१ मध्ये झाकण उघडताच कीबोर्डचे दोन तुकडे सरकत बाहेर येऊन एकमेकांत बसत. लोकांनी ती करामत आधी प्रत्यक्षात पाहिली, पेटंटात नंतर.

अमेरिकेत बाह्य रूपासाठी वेगळे ‘डिझाइन पेटंट’ असते आणि त्याचा अर्ज एरवी मंजुरीपर्यंत उघड होत नाही. पाचरीच्या आकाराच्या मॅकबुक एअरचे असे एक पेटंट २०१२ मध्ये मिळाले, तोवर त्या आकाराच्या नकला बाजारात खपत होत्या. त्यामुळे ‘डिझाइन पेटंटमधून नव्या मॉडेलचे रूप फुटले’ अशी बातमी दिसली की तारीख आधी पाहावी. परदेशात अर्ज करणार नाही असे लिहून देणाऱ्याला अमेरिकेत साधा अर्जही मंजुरीपर्यंत झाकून ठेवता येतो. मोठ्या कंपन्यांना मात्र परदेशी संरक्षण हवे असते, म्हणून ही पळवाट त्यांच्या फारशी कामाची नाही.

वाचण्याची पद्धत : नवखा माणूस कंपनीचे नाव टाकून शोधतो आणि हजारो अर्जांत बुडतो. मुरलेला माणूस वर्गीकरणाच्या अंकांवरून जातो. हातात किंवा मांडीवर नेण्याच्या संगणकांची बांधणी जी०६एफ १/१६ या गटात येते. त्यातही मिटणाऱ्या पडद्याचे लॅपटॉप १/१६१६ मध्ये, लवचीक किंवा गुंडाळता येणारे पडदे १/१६५२ मध्ये, नुसत्या बिजागरीचे तपशील १/१६८१ मध्ये आणि या गटाबाहेर, लॅपटॉप थंड ठेवण्याच्या युक्त्या १/२०३ मध्ये. एखाद्या कंपनीचे अर्ज यांपैकी एकाच कप्प्यात वर्षभर साचत गेले, तर तिथे काहीतरी शिजते आहे असे धरायला हरकत नाही. एकट्यादुकट्या अर्जावरून काहीच धरू नये.

अर्ज उघडल्यावर नजर पहिल्यांदा आकृतीवर जाते आणि घोटाळा तिथेच होतो. आकृतीतला लॅपटॉप हा बहुतेकदा मुद्दाम ढोबळ काढलेला डबा असतो. कडा, जाडी, पोर्टांची जागा यांना तिथे काही अर्थ नसतो. कॅडवर हात बसलेला एखादा हौशी त्याच आकृतीवरून रंगीत, चकचकीत त्रिमितीय चित्र तयार करतो, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि लोक त्याला कंपनीचेच चित्र समजतात. वर्णनाच्या भागात ‘काही रूपांमध्ये असेही असू शकेल’ या धर्तीची वाक्ये पानोपानी येतात. ती वकिलाने कुंपण रुंद करण्यासाठी घातलेली असतात, अभियंत्याने बेत म्हणून नव्हे.

कायद्याने जे मागितले आहे ते फक्त शेवटच्या क्रमांकित दाव्यांमध्ये, म्हणजे रोजच्या बोलीतल्या क्लेम्समध्ये असते. पुणेकर वाचकाला हे हळदीच्या प्रकरणावरून चटकन समजेल. ‘अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले’ असा गवगवा झाला होता, पण १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेल्या त्या पेटंटातला दावा जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यापुरता होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून दिल्लीला गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्या संस्थेने ही माहिती आधीपासून ज्ञात असल्याचे लेखी पुरावे दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. लढाई दाव्याच्या शब्दांवर झाली, मथळ्यावर नाही. लॅपटॉपचे मथळेही असेच फुगतात: ‘बटणांशिवायचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेल्या अर्जातला पहिला दावा बोटाचा दाब मोजणाऱ्या एखाद्या थरापुरता निघू शकतो.

खरे ठरलेले एक भाकीत : या रीतीचे सगळ्यात चांगले उदाहरण आकाराने अगदी क्षुद्र गोष्टीचे आहे. अ‍ॅपलने २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला. बटणांची उंची इतकी कमी की खाली एक कण गेला तरी बटण अडकावे, नाहीतर एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटावे. तक्रारी वाढत गेल्या. मार्च २०१८ मध्ये या कंपनीचा, सप्टेंबर २०१६ मध्ये दाखल केलेला एक अर्ज प्रसिद्ध झाला. विषय: कीबोर्डमध्ये कचरा शिरू न देणे. त्यात उपायांची रांगच लावली होती. बटणाखाली पातळ पडदा, कडेला ब्रश किंवा पुसणी, बटणाला खालून झालर, आणि बटण दाबले की हवेचा झोत मारून कण बाहेर उडवणारा छोटा भाता.

भात्याच्या बातम्या झाल्या. जुलै २०१८ मध्ये नवा मॅकबुक प्रो आला तेव्हा कंपनीने कीबोर्ड ‘आवाज कमी करणारा’ म्हणून सांगितला. यंत्र उघडून पाहणाऱ्यांना मात्र प्रत्येक बटणाखाली सिलिकॉनचा पातळ पडदा सापडला. अर्जातला सर्वांत साधा उपाय निवडला गेला होता. अर्ज वाचलेल्यांना त्या पडद्याचे खरे काम लगेच कळले. बाकीच्यांना आवाजाची गोष्ट पटली. तेवढ्याने दुखणे गेले नाही, आणि नोव्हेंबर २०१९ पासून कंपनीने ती बटणरचनाच बदलायला घेतली. कीबोर्डावर बाकरवडी खाणाऱ्यांच्या शहरात या घटनेची नोंद विशेष आस्थेने घ्यायला हवी.

या उदाहरणात या विद्येचे मर्म आहे. कंपनी काय विकणार हे पेटंट सांगत नाही. कंपनीला काय सलते आहे, हे सांगते. अर्जाच्या ‘पार्श्वभूमी’ या भागात, आधीच्या रचनांत काय अडचणी आहेत हे अनेकदा लिहिलेले असते. जाहिरातीत जी तक्रार कधीच मान्य होणार नाही, ती तिथे सभ्य भाषेत सापडते. म्हणून बिजागरी, बटणे, पंखे, बॅटरीची फुगवट अशा रुक्ष भागांबद्दलची भाकिते बऱ्यापैकी जमतात. एकंदर रूपाबद्दलची भाकिते फसतात.

फसण्याची कारणे : पेटंटचा अर्ज म्हणजे साखरपुडा नव्हे, नुसते स्थळ सांगून आलेले असते. १६ मार्च २०१३ पासून अमेरिकेतही आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानला जाऊ लागला, तेव्हापासून अर्धीकच्ची कल्पनाही लगेच दाखल करण्याकडे कल वाढला. त्यात खर्चही मोठ्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ. भारतात मोठ्या कंपनीलाही अर्जाची मूळ ऑनलाइन फी ८,००० रुपये आहे. वकिलाचे बिल वेगळे, पण नवा साचा पाडण्यापुढे तेही काहीच नाही. काही अर्ज तर दुसऱ्याची वाट अडवण्यासाठीच असतात. आयबीएम १९९३ ते २०२१ अशी सलग २९ वर्षे अमेरिकी पेटंटांत पहिली होती, पण तिने आपला लॅपटॉपचा धंदा २००५ मध्येच लेनोव्होला विकला होता. त्यानंतरच्या तिच्या एखाद्या पेटंटावरून आयबीएमच्या लॅपटॉपचे भाकीत करणाऱ्याची कीव करावी.

अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर फोन ठेवला की तो चार्ज व्हावा, अशा रचनेचे पेटंट २०२१ मध्ये मंजूर झाले. तसा लॅपटॉप काही दुकानात आला नाही. कंपनीने स्वतः घोषणा केली तरी खात्री नसते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन पडद्यांचा सरफेस निओ दाखवला आणि तो कधीच विकला नाही. उलट लेनोव्होचा गुंडाळी पडद्याचा लॅपटॉप आधी २०२३ मध्ये नमुना म्हणून दाखवला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये थिंकबुकच्या मालिकेत विक्रीसाठी जाहीर झाला: १४ इंचांचा पडदा वर सरकत १६.७ इंचांचा होतो. इथे पेटंट चाळणाऱ्यांपेक्षा प्रदर्शनाला गेलेल्यांना जास्त कळले.

पुण्यातील संदर्भ : पुण्यातले अर्ज पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेकडे जातात. हल्लीच्या भारतीय अर्ज क्रमांकात पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा शाखेचा (मुंबईचा २) आणि सहावा प्रकाराचा असतो: थेट भारतात केलेला साधा अर्ज असेल तर १, आंतरराष्ट्रीय करारामार्गे आलेला असेल तर ७. इथे कचेरी नसलेल्या परदेशी कंपनीचा अर्ज तिच्या भारतातल्या वकिलाच्या पत्त्याप्रमाणे शाखेला जातो. म्हणून पाचवा आकडा १, म्हणजे दिल्लीचा दिसला, तर दिल्लीत संशोधन चालले आहे असा निष्कर्ष काढू नये.

खरा धागा अमेरिकी पेटंटांच्या पहिल्या पानावर सापडतो. तिथे प्रत्येक संशोधकाच्या नावापुढे त्याचे गाव छापलेले असते. ‘पुणे’ टाकून, हव्या त्या वर्गीकरणाला जोडून शोध घेतला की हिंजवडी-खराडीतले कोणते केंद्र कशात गुंतले आहे याचा बरा अंदाज येतो. भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशी अर्जाआधी इथल्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. त्यामुळे अशा कामाचा माग कधी कधी भारतीय जर्नलमध्येही लागतो. मात्र भारतीय कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक-प्रोग्रामला पेटंट देत नाही. लॅपटॉपच्या वागणुकीत सॉफ्टवेअरचा वाटा मोठा असला, की इथल्या अर्जातले दावे यंत्राच्या भाषेत वळवून लिहिलेले आढळतात.

शोधाची साधने शहरात अनोळखी नाहीत. ‘पॅटसीअर’ हे पेटंटशोधाचे सॉफ्टवेअर पुण्यातच घडले, आणि पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर नवउद्योजकांना बौद्धिक संपदेबाबत साहाय्य करते. हौशी माणसाला गूगल पेटंट्स, युरोपीय कार्यालयाचे एस्पेसनेट आणि भारतीय कार्यालयाचा शोध-विभाग एवढ्यावर भागवता येते. तिन्ही फुकट.

भाकीत पडताळून पाहायचे तर बुधवार पेठेतील तापकीर गल्लीसारखी इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ उपयोगी पडते. दुरुस्तीच्या टेबलावर तळ काढून ठेवलेला लॅपटॉप पाहिला की १/१६८१ या कप्प्यात बिजागऱ्यांचे अर्ज एवढे का साचतात ते दिसते. बिजागरी घट्ट, कवच प्लास्टिकचे. झाकण रोज उघडमीट होता होता स्क्रू धरून ठेवणारी पितळी नळी प्लास्टिकसकट उपटून येते आणि कोपरा फाकतो. दुरुस्तीवाला तिथे चिकटद्रव ओतून वेळ मारून नेतो. याच दुखण्यावर कंपन्या ताण सगळ्या कडेवर वाटणाऱ्या रचनांचे अर्ज करत राहतात. लेनोव्होच्या २०१४ च्या योगा ३ प्रोमधली घड्याळाच्या पट्ट्यासारखी दिसणारी बिजागरी ८१३ सुट्या भागांची होती. पुढच्या योगा ९०० मध्येही तीच बिजागरी होती.