मेडिकेअरमधून टेन्सचा कपडा हवा असेल, तर आधी डॉक्टरांच्या नोंदी बघा

अमेरिकेत मुलांकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांना गुडघे किंवा खांदे फार दुखत असतील, तर डॉक्टर कधी कधी टेन्स मशीन लिहून देतात. त्वचेवर चिकटवलेल्या पॅचमधून सौम्य करंट देणारं हे छोटं यंत्र. त्याला जोडून अंगात घालायचे मोजे, हातमोजे, पट्टेही मिळतात. त्यांच्या कापडातच वीज वाहून नेणारे धागे असतात, म्हणून पॅच चिकटवावे लागत नाहीत. बिलात मशीनचा कोड ई०७२० किंवा ई०७३०, आणि कपड्याचा ई०७३१. मशीन मंजूर झालं म्हणून कपडाही मंजूर होईल, असं मात्र नाही. घरोघरी गैरसमज होतो तो इथेच.

आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही. ग्रीनकार्ड आहे, वय ६५ पूर्ण आहे आणि अमेरिकेत सलग ५ वर्षं राहणं झालं आहे, तर तिथे एक दिवसही नोकरी केलेली नसली तरी हप्ता भरून पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या सेवा आणि घरी वापरायची उपकरणं यांसाठीचा भाग, घेता येतो. मशीन आणि कपडा दोन्ही पार्ट बीमध्येच मोडतात. खासगी कंपनीकडून घेतलेला मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन असेल तर पूर्वमंजुरी लागते का, ते प्लॅनवाल्यांना आधी विचारून घ्या.

आधी मशीनची पात्रता. जुनाट दुखणं किमान ३ महिन्यांचं हवं, टेन्सने आराम पडतो अशा प्रकारचं हवं, आणि इतर उपचार करूनही गुण आलेला नाही हे कागदावर हवं. डोकेदुखी, पोटातलं दुखणं, ओटीपोटाचं दुखणं आणि जबड्याच्या सांध्याचं दुखणं यांना मेडिकेअर टेन्स देत नाही. जुनाट कंबरदुखीलाही नाही. ८ जून २०१२ च्या निर्णयाने कंबरदुखीचं दार बंद झालं, अपवाद फक्त मान्यताप्राप्त संशोधनात सहभागी असलेल्या रुग्णांचा होता. आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारणा कंबरेसाठीच होते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जुनाट दुखण्यासाठी मशीन लगेच विकत मिळत नाही. आधी किमान ३० दिवस, जास्तीत जास्त २ महिने ते भाड्याने वापरून बघायचं. दर महिन्याचं भाडं खरेदी किमतीच्या १० टक्के धरतात, आणि त्या काळातले पॅच, वायरी त्यातच आल्या. महिनाभर आईंना एक साधी वही करून द्या: कोणत्या वेळी लावलं, किती मिनिटं, दुखणं किती कमी झालं. चाचणी संपल्यावर डॉक्टरांना नेमकं हेच नोंदवावं लागतं, आणि वही समोर असली की नोंद मोघम होत नाही.

आता कपडा. दुखरा भाग फार मोठा आहे किंवा ठिकाणं फार आहेत, आणि करंट इतक्या वेळा द्यावा लागतो की पॅच-वायरींनी जमणं शक्य नाही; पॅच पोहोचूच शकत नाही अशी जागा आहे; त्वचेच्या विकारामुळे पॅच लावता येत नाहीत; प्लास्टरखाली करंट द्यायचा आहे; किंवा दुखापतीनंतर, मज्जातंतू शाबूत असताना, स्नायूंना बळ देण्यासाठी तो लागतो. यांपैकी एक तरी कारण लागतं. शिवाय कपड्याला एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची) विक्रीपरवानगी हवी आणि डॉक्टरांनी तो लिहून दिलेला हवा. चाचणीच्या काळात तर कपडा जवळजवळ मिळतच नाही. त्वचेचा त्रास चाचणीच्या आधीपासून नोंदवलेला असेल आणि क्लेम तपासणाऱ्यांच्या वैद्यकीय सल्लागारांना गरज पटली, तरच.

म्हणून नोंदीतले शब्द महत्त्वाचे. 'रुग्णाला गुडघ्याचा पट्टा सोयीचा वाटतो' या वाक्यावर पैसे मिळत नाहीत. 'पॅच काढल्यावर त्वचेवर चौकोनी लाल चट्टे उठतात, कडेने पुरळ येते, दुसऱ्या प्रकारचे पॅच लावूनही तेच झालं' या वाक्यात क्लेमचा जीव असतो. पण ते खरं असायला हवं आणि तपासणीच्या दिवशीच लिहिलेलं हवं. त्यामुळे चट्टे दिसत असतानाच डॉक्टरांना दाखवा. आपली माणसं 'कशाला त्यांना त्रास' म्हणून गप्प बसतात, आणि चार दिवसांत त्वचा पूर्ववत होते.

कागदपत्रं फार नाहीत. डॉक्टरांची लेखी ऑर्डर: रुग्णाचं नाव किंवा मेडिकेअर क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन, संख्या, डॉक्टरांचं नाव आणि सही. ही ऑर्डर क्लेम जाण्याआधी सप्लायरच्या हातात हवी. सोबत तपासणीच्या नोंदी आणि वस्तू पोहोचल्याची पावती. टेन्ससाठी पूर्वी लागणारा वैद्यकीय गरजेचा वेगळा दाखला १ जानेवारी २०२३ पासून बंद झाला आहे. सप्लायर मेडिकेअरकडे नोंदवलेला आहे ना आणि मेडिकेअरने ठरवलेला दर तो मान्य करतो का, हे आधीच विचारा. तसं असेल तर वर्षाचा डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर २० टक्के तुमच्याकडे, बाकी मेडिकेअरकडे.

क्लेम नाकारला जाईल असं सप्लायरला वाटत असेल, तर तो वस्तू देण्याआधी 'एबीएन' नावाच्या सूचनेवर सही मागतो. त्यात तीन पर्याय असतात. वस्तू हवी आहे आणि क्लेमही पाठवा, हा पहिला पर्याय निवडलात तरच मेडिकेअरचा निर्णय लेखी येतो आणि अपील करता येतं. दुसरा निवडलात तर क्लेम जात नाही आणि अपिलाचा हक्कही राहत नाही. घाईत सही करू नका, आईवडिलांना मराठीत समजावून सांगा आणि मगच खूण करू द्या.

नकार आला तर पहिल्या अपिलाला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात. सप्लायरने तयार केलेलं पत्र किंवा डॉक्टरांनी मागाहून लिहिलेलं शिफारसपत्र एकटं पुरत नाही. अपिलासोबत त्या दिवशीच्या तपासणीची नोंद जोडा, ज्यात चट्ट्यांचा उल्लेख आहे.