मिशा असतील तर टुपोलेव्ह, नसतील तर कॉनकॉर्ड

मागच्या महिन्यात सिंपलप्लेन्स नावाच्या विमानं बनवायच्या गेममधे कॉनकॉर्ड, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणारं ते प्रवासी विमान, बनवत होतो, मोबाईलवरच, आणि ते काही केल्या धड लँड होईना. स्पीड कमी केला की नाक खाली, नाक वर ओढलं की विमान धपकन बसायचं. शेवटी कॉकपिटच्या मागे दोन छोटे पंख लावले आणि पहिल्यांदा नीट उतरलं. एवढा आनंद झाला की लगेच शेजारच्या काकांना दाखवायला गेलो, ते ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीतून रिटायर झालेत, सगळी नोकरी मिग या रशियन लढाऊ विमानांवर. त्यांनी मोबाईल हातात घेतला, झूम केलं आणि म्हणाले, "अरे, हे कॉनकॉर्ड कुठंय, हे तर टुपोलेव्ह केलंस तू."

लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. टुपोलेव्ह म्हणजे टीयू-१४४, कॉनकॉर्डसारखंच रशियन विमान, ते आधी उडालं, ३१ डिसेंबर १९६८ ला, आणि कॉनकॉर्ड २ मार्च १९६९ ला. दोघांचं नाक लँडिंगला खाली झुकतं, दोघांना चार इंजिनं, दोघांना मागे आडवं शेपूट नाही. म्हणून रशियनवाल्याला 'कॉनकॉर्डस्की' नाव पडलं.

पण शेपूट नसण्याचा त्रास दोघांनी वेगळ्या पद्धतीने सोडवलाय, आणि मला सगळ्यात भारी तेच वाटतं. शेपूट नसलं की नाक वर करायला पंखाच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन, म्हणजे वर-खाली हलणारे भाग, वर उचलावे लागतात, म्हणजे विमानाची मागची बाजू खाली दाबली जाते, म्हणजे ऐन लँडिंगला, लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर, सगळ्यात जास्त हवी तेव्हाच ती कमी होते. माझं विमान धपकन का बसत होतं ते तेव्हा कळलं. टीयूने कॉकपिटच्या मागे मिटता येणारे दोन छोटे पंख दिले, मी त्यांना मिशाच म्हणतो. मिशा नाक वर धरतात, मग एलेव्हॉन खाली झुकवून फ्लॅपसारखे, म्हणजे लिफ्ट वाढवायला, वापरता येतात. फक्त हे पहिल्या प्रोटोटाइपला नव्हतं, प्रवासी घेऊन गेलेल्या मॉडेलला आहे.

कॉनकॉर्डला मिशा लागल्याच नाहीत. त्याच्या पंखाची पुढची कड सरळ नाहीये, एका लांब वळणात जाते, आणि नाक बरंच वर ठेवून हळू येताना त्या कडेवरून हवेचे भोवरे सुटतात, तेच पंखाला लिफ्ट देतात. शिवाय फ्युएल टाक्यांमधून पुढे-मागे पंप करून बॅलन्स सांभाळायचे, कारण आवाजाचा वेग ओलांडला की लिफ्टचा मध्य मागे सरकतो. गेममधे विमान बनवायच्या स्क्रीनवर लाल गोळा वजनाचा मध्य दाखवतो आणि निळा लिफ्टचा, तिथे तो निळा आहे तिथेच राहतो, खऱ्या विमानात तो सरकतो.

टीयूच्या पंखाची कड सरळ रेषेत येऊन मधेच मोडते, दोन त्रिकोण जोडल्यासारखी. काकांनी इथे एक गोष्ट सांगितली ती मला माहीतच नव्हती, टीयूचा पंख तपासायला रशियाने मिग-२१ चंच आडवं शेपूट काढून त्याला टीयूसारखा पंख बसवला आणि १९६८ मधे उडवून बघितलं. ज्या मिगवर काकांची सगळी नोकरी झाली, त्याच मिगचा भाऊ!

इंजिनचं थोडक्यात. कॉनकॉर्डला आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनच्या मागे जास्तीचं फ्युएल जाळून जोर वाढवायची सोय, टेकऑफला आणि आवाजाचा वेग ओलांडायला लागायचा, मग तो बंद करून ते आवाजाच्या दुप्पट वेगाने जात राहायचं, म्हणून पॅरिस ते न्यूयॉर्क जमलं. टीयूच्या प्रवासी मॉडेलला आफ्टरबर्नर चालूच ठेवावा लागायचा, फ्युएल पटापट संपायचं आणि आत आवाजही प्रचंड. मॉस्को-अल्माटी मार्गावर प्रवाशांना घेऊन फक्त ५५ फेऱ्या झाल्या, १९७८ मधे बंद. कॉनकॉर्ड १९७६ ते २००३ चाललं. मला टीयूबद्दल वाईट वाटतं, पंखाचं डोकं तिथेही चांगलंच होतं.

मग मी मिशा काढल्या, पंखाचे तुकडे जोडून वळण दिलं, टाकी थोडी मागे सरकवली, निळा गोळा लालच्या जरासा मागे येईल इतकीच, कारण लाल मागे गेला की विमान उलटंच होतं. आता नाक वर ठेवून शांतपणे उतरतं. काकांना परत दाखवलं तर ते खाली वाकून बघत म्हणाले, "चाकं मोज." एकेका मेन पायाला ८ लावली होती मी, ती टीयूची. कॉनकॉर्डला ४ असतात. काल रात्री बसून बदलली.