पाळणाघर आणि मुलाचा भावबंध (मुंबई)

आईवडील कामावर असताना लहान मुलांना दिवसभर पैसे घेऊन सांभाळण्याची सोय म्हणजे पाळणाघर. मुंबईत ते बहुधा एखाद्या गृहिणीच्या राहत्या घरात, मोजक्या मुलांपुरते चालते. सांभाळणाऱ्या बाईंना मुले काकू, मावशी किंवा आजी म्हणतात. घरून डबा, दुधाची बाटली आणि कपड्यांचे जादा जोड द्यायचे. भरवणे, झोपवणे, शी-शू सारे काकू पाहतात. मूल दिवसभर दुसऱ्या बाईच्या मांडीवर वाढले तर त्याची आईशी माया कमी होईल का, हा प्रश्न इथल्या हजारो घरांत रोज सकाळी दाराशी उभा असतो.

गिरणगावात बायका कापड गिरण्यांत जात तेव्हा मूल चाळीतल्या शेजारणीकडे, गावाहून आलेल्या सासूकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले. घरगुती पाळणाघर मात्र वेगळ्या वाटेने आले. बँका, विमा कचेऱ्या, शाळा आणि सरकारी खात्यांत मध्यमवर्गीय बायका नोकरीला लागल्या आणि त्याच सुमारास कुटुंबे गिरगाव-दादरहून बोरिवली, ठाणे, डोंबिवलीकडे सरकली. आजी मागे राहिली, प्रवास वाढला. चर्चगेट-बोरिवली मार्गावर ५ मे १९९२ रोजी पहिली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त बायकांसाठीची लोकल, धावली तोवर घाईघाईने मूल सोडून गाडी गाठणे हा उपनगरांतल्या बायकांचा रोजचा क्रम झाला होता.

आयांच्या मनातल्या अपराधी भावनेला एक शास्त्रीय आधारही मिळाला. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. बाळाला आईशी, किंवा कायम आईच्या जागी असणाऱ्या व्यक्तीशी, ऊबदार आणि अखंड नाते लागते, असे त्यांनी मांडले. त्यांच्यासमोरचा पुरावा मुख्यतः अनाथालये, इस्पितळे आणि युद्धाने ताटातूट झालेल्या मुलांचा होता. संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलाला तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हते, पण लावला गेला. आणि ‘आईच्या जागी असणारी व्यक्ती’ हे शब्द वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटले.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी पुढे युगांडात आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघर जाऊन आई-बाळांची निरीक्षणे केली. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात साधारण वर्षाच्या बाळाजवळून आई काही मिनिटे बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ रडले की नाही, याहून ती परतल्यावर ते तिच्याकडे झेपावते का, तिच्या कुशीत शांत होऊन पुन्हा खेळू लागते का, याला एन्सवर्थ यांनी अधिक महत्त्व दिले. पाळणाघराच्या दारातल्या सकाळच्या टाहोवरून नात्याची परीक्षा करू नये, ते यासाठी. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत विरहाची भीती ऐन भरात असते; त्या वयात सोडताना रडणे स्वाभाविक आहे. दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल आई दिसताच चप्पल फेकते, भोकाड पसरते. ‘माझ्याकडे तर गुणी असतो’ हे काकूंचे वाक्य तेव्हा आईच्या जिव्हारी लागते. प्रत्यक्षात मूल आवरून धरलेले सारे काही सर्वांत भरवशाच्या माणसापुढे मोकळे करत असते.

अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. केवळ पाळणाघरात राहिल्याने मुलाचा भावबंध, म्हणजे आईशी जडलेले भरवशाचे नाते, असुरक्षित होत नाही, असे त्यात दिसले. आईचा प्रतिसाद थंड आणि त्यातच सांभाळही निकृष्ट, किंवा तासच फार, किंवा सांभाळणारी माणसे वारंवार बदललेली, अशी जोड जमली तेव्हा धोका वाढला. फार तास बाहेर राहिलेल्या मुलांत आक्रमकतेच्या तक्रारी किंचित अधिक आढळल्या. मुंबईने हे मनावर घ्यायला हवे, कारण इथे कामाच्या तासांवर प्रवासाचे तास चढतात. २६ जुलै २००५ च्या पुरात आईवडील कचेऱ्यांत आणि रस्त्यांत रात्रभर अडकले. अशा वेळी काकूंचे घर हेच मुलाचे घर होते.

म्हणून पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा तीच काकू किती वर्षे आहे, हे विचारणे महत्त्वाचे. सवय लावताना पहिले काही दिवस आई किंवा बाबांनी सोबत बसावे, मग वेळ हळूहळू वाढवावा. नजर चुकवून पळू नये, सांगून जावे. मूल काकूंना चुकून आई म्हणाले तर दुखते, पण बाळ एकाहून अधिक माणसांशी घट्ट नाते जोडू शकते आणि त्यात कुणाचा वाटा कमी होत नाही.

काकूंकडे मूल ठेवणे सर्वांना परवडत नाही. घरकाम करणारी बाई दुसऱ्याचे बाळ खेळवते तेव्हा तिचे स्वतःचे बहुधा वस्तीत मोठ्या मुलीच्या कडेवर असते, आणि त्या मुलीची शाळा बुडते. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेले ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेचे काम पुढे मुंबईतही आले. केंद्राच्या प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही आईला मिळाली. बापाला त्या दुरुस्तीने काहीच दिले नाही. मुलाला आणायला अलीकडे बाबा येताना दिसतात, पण ताप आला की काकूंचा फोन अजून आईलाच जातो.