संगणकाचे कॅबिनेट : हवा आणि आवाज यांचा मेळ

डेस्कटॉप संगणकाचे मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय हे भाग ज्या पेटीत बसतात तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. घरोघरी या अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणायची सवय आहे; सीपीयू म्हणजे खरे तर आतला प्रोसेसर. कॅबिनेट घेताना दोन गोष्टी साधायच्या असतात : आतली उष्णता कोंडून राहू नये आणि शेजारी बसून काम करणाऱ्याला पंख्यांची घरघर ऐकावी लागू नये. थंड हवे तर आवाज सोसा, शांत हवे तर बंद पेटी घ्या, असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. आजच्या संगणकांना तो फारसा लागू पडत नाही. ज्या पेटीतून हवा विनाअडथळा जाते तिथे पंखे हळू फिरवूनही भागते, आणि हळू फिरणारा पंखा हाच शांततेचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

किती हवा लागते

संगणक जितकी वीज खातो जवळजवळ तितकीच उष्णता पेटीत तयार होते. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण भारावर साधारण ८८ वॉट घेतो, आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॉट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज धरली की आकडा ३५० वॉटच्या घरात जातो. ही उष्णता वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या हवेचा हिशेब सोपा आहे. वॉटच्या आकड्याला ३ ने गुणायचे आणि हवा जितके अंश तापलेली चालणार आहे त्याने भागायचे. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येते. ३५० वॉट आणि १० अंश सेल्सिअस वाढ धरली तर ताशी १०५ घनमीटर हवा लागते. वाढ ५ अंशांवर ठेवायची तर २१०. म्हणजे शेवटच्या पाच अंशांसाठी हवा दुप्पट करावी लागते आणि तिची किंमत कानांना मोजावी लागते. म्हणून १० अंशांच्या आसपास थांबणे शहाणपणाचे.

ही वाढ खोलीच्या तापमानावर चढते, हे विसरून चालत नाही. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात खोलीतच ३८ अंश असतील तर पेटीतली हवा ४८ अंशांना जाणारच. कोणतेही कॅबिनेट हवेच्या जोरावर खोलीपेक्षा गार होत नाही. जाहिरातीतल्या तापमानांची चाचणी बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत झालेली असते. आपल्या उन्हाळ्यासाठी त्यांत सरळ १२-१५ अंश मिळवावेत.

फेरे, दाब आणि डेसिबल

पंख्याचे फेरे निम्मे केले की तो देत असलेली हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजण्याचे एकक) उतरतो. उलट, एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हे दोन नियम एकत्र ठेवले की उत्तर हाती येते : एक पंखा जोरात फिरवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा तेवढीच आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी. मोठ्या व्यासाच्या पंख्यालाही हाच न्याय लागू पडतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१४ हा १४० मिमीचा पंखा मिनिटाला १५०० फेऱ्यांना ताशी १४० घनमीटर हवा देतो. १००० फेऱ्यांवर आणला की हवा ९३ घनमीटर उरते आणि आवाज जवळपास ९ डेसिबलने घटतो. पुढे असे दोन लावले आणि फिल्टर-जाळीत अडून निम्मी हवा वाया गेली तरी वरच्या उदाहरणातली गरज जवळजवळ भागते. मागचा पंखा उरलेले बघतो.

मात्र एक तिसरा नियम आहे, आणि कॅबिनेटची खरी परीक्षा त्यात होते. पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फेरे निम्मे झाले की दाब पावपट उरतो. वेगवान पंखा दाट जाळीतूनही हवा ओढून घेतो. हळू पंखा तिथे नुसताच फिरत राहतो. दुकानात पूर्ण वेगाने फिरताना बरे वाटणारे कॅबिनेट घरी पंख्यांचे फेरे उतरवले की तापते, ते यामुळेच. शांत संगणक हवा असणाऱ्यालाच मोकळ्या तोंडाची पेटी जास्त गरजेची असते.

पेटीचे तोंड

समोरची बाजू चार प्रकारची सापडते : पोलादी किंवा प्लॅस्टिकची बारीक जाळी, बंद पाट आणि त्याच्या दोन्ही कडांना फटी, दार आणि आतून फोम, आणि काच. काचेच्या तोंडाच्या पेट्या दिसायला देखण्या, पण हवा कडेच्या एक-दीड सेंटिमीटरच्या फटींतूनच यायची. अशा पेटीत पुढे तीन रंगीत पंखे असले तरी उपयोग थोडा. नव्या काही पेट्यांत समोर काच असते आणि हवा तळातून व बाजूने घेतात. तिथे तळाच्या पंख्यांखाली मोकळी जागा किती आहे ते पाहावे.

फोम किंवा डांबरी थर लावलेल्या पेट्यांना मोठी परंपरा आहे. २००५ साली आलेल्या अँटेक पी१८० ने अनेक थरांचे पत्रे आणि पॉवर सप्लायसाठी वेगळा कप्पा हे प्रकार लोकप्रिय केले. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनची डिफाइन मालिका त्याच वाटेने गेली. त्या काळी वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्डही १०० वॉटच्या आसपास असे. आज आरटीएक्स ४०९० एकटेच ४५० वॉट घेते. फोम उंच पट्टीचा आवाज, म्हणजे कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) शीळ किंवा डिस्कची टिकटिक, चांगला शोषतो. खालच्या पट्टीची घरघर त्यातून सहज बाहेर येते. आणि हवा कोंडल्यामुळे पंखे २००-३०० फेऱ्यांनी चढले तर फोमने वाचवलेले दोन-तीन डेसिबल तिथेच खर्ची पडतात. फ्रॅक्टलनेच २०२१ साली टॉरेंट हे कॅबिनेट काढले. त्याच्या मोकळ्या जाळीमागे १८० मिमीचे दोन पंखे आहेत. बाजार कोणत्या दिशेला सरकला ते यातून कळते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, १०० वॉटच्या आतल्या कामाच्या संगणकाला मात्र आजही फोमची बंद पेटी उत्तम.

जाळी पारखण्याची साधी रीत : ती उजेडापुढे धरावी. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर हवाही जाते. दोन थर एकावर एक असतील, म्हणजे जाळीमागे पुन्हा नायलॉनचा फिल्टर, तर एक काढता येतो का ते पाहावे. मागच्या पंख्यापुढचा पत्रा नुसती भोके पाडलेला असेल तर पाती त्यालगत फिरताना शिट्टीसारखा सूर निघतो. पत्रा आणि पंखा यांत १०-१५ मिमी अंतर ठेवले की तो बराचसा जातो.

पंख्यांची मांडणी

बहुतेक पेट्यांत पुढून दोन आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा एवढे तीन पंखे पुरतात. आत घेणारी हवा थोडी जास्त असावी. मग जादा हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवाटेच येते. उलट झाले तर प्रत्येक फट धूळ ओढते. वरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात बाहेर टाकणारा पंखा लावणे ही नेहमीची चूक : ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती उचलतो. वर पंखा हवाच असेल तर मागच्या कोपऱ्यात.

हवा कुठे जाते ते पाहायला उदबत्ती पुरते. खोलीतला छताचा पंखा बंद करावा, संगणकावर भार द्यावा आणि उदबत्ती पुढच्या जाळीपासून चार बोटांवर धरावी. धूर सरळ आत खेचला गेला तर ठीक. तो वर चढून पुन्हा पुढे घुटमळत असेल, किंवा मागून निघालेला धूर वळून पुढून आत जात असेल, तर दोष पेटीच्या जागेत आहे. कॉम्प्युटर टेबलाच्या मागून बंद कप्प्यात ठेवलेल्या संगणकाचे नेमके हेच होते. कप्प्याची मागची फळी काढावी आणि भिंतीपासून १५ सेंटिमीटर तरी अंतर सोडावे. यासाठी पैसे लागत नाहीत आणि फरक कोणत्याही महागड्या पंख्यापेक्षा जास्त पडतो.

आवाज ओळखणे

सगळा आवाज हवेचा नसतो. पत्र्याची थरथर असेल तर बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबताच आवाज बदलतो. तिथे स्क्रू घट्ट करणे किंवा कडेला फोमची पट्टी चिकटवणे पुरते. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्झची गुणगुण पत्र्याला देते. तिला रबरी आधारावर बसवावे किंवा फिरता भाग नसलेली एसएसडी घ्यावी. दोन पंखे जवळजवळ सारख्या फेऱ्यांवर असले की आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. एकाला ५०-१०० फेऱ्यांनी खाली आणल्यावर तो थांबतो. गेम सुरू असताना येणारी बारीक शीळ बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची असते. पंखे बदलून ती जात नाही. खेळाचा फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मर्यादित केला तर कमी होते.

सतत बदलणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त टोचतो. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाच्या प्रत्येक उसळीबरोबर चढू देऊ नये. ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७५ ला ६० टक्के, ८५ च्या पुढे पूर्ण, अशी चढण आणि वेग बदलण्यापूर्वी ३ ते ५ सेकंदांचा विलंब, ही सुरुवातीला चांगली जुळणी आहे. चार पिनांचा पंखा मदरबोर्डच्या संकेतावर चालतो. तीन पिनांचा असेल तर त्या जोडणीसाठी व्होल्टेजचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. ‘नवे कॅबिनेट फार ओरडते’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते. पॉवर सप्लायच्या जाड वायरीला थेट जोडलेल्या पंख्यांचीही तीच गत. मदरबोर्डच्या एका जोडणीवर साधारण १ अँपिअरच मिळतो, तेव्हा एका वायरीला फाटे देऊन अनेक पंखे लावताना त्यांच्या स्टिकरवरच्या अँपिअरची बेरीज करून घ्यावी.

घेण्यापूर्वीची मापे

प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटच्या तपशिलाशी ताडून पाहावी. दोन मनोऱ्यांचे मोठे कूलर १६५ मिमीपर्यंत जातात, आणि कार्ड ३०० मिमीपेक्षा लांब असणे आता नवल नाही. पुढे पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर लावला तर त्याची व पंख्याची मिळून ५० मिमीहून अधिक जागा कार्डाच्या लांबीतून जाते. पुढे १४० मिमीचे पंखे बसतात का हेही पाहावे, कारण त्यांच्या स्क्रूंमधले अंतर १२४.५ मिमी आणि १२० च्या पंख्यांचे १०५ मिमी असते. एकाची भोके दुसऱ्याला चालत नाहीत. फिल्टर पुढूनच ओढून काढता यावा. ज्यासाठी अख्खे तोंड उचकटावे लागते तो फिल्टर कोणी धूत नाही.

रस्त्यालगतच्या घरात तो दर तीन-चार आठवड्यांनी धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच लावावा. आतली धूळ ब्लोअरने उडवताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेबाहेर फिरला तर बेअरिंगला इजा होते आणि मग तो हळू फिरतानाही खरखरतो.