'आमच्या वेळची भरती': एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

अग्निवीर भरतीची यादी लागली की शिरोळपासून चंदगडपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं. 'आता कसली भरती? आमच्या वेळची भरती राहिली नाही.' बोलणारा बहुधा सतरा-अठरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनवर आलेला हवालदार असतो, आणि ऐकणारा पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारून घामाघूम झालेला त्याचाच पुतण्या. कोल्हापूरचं सैन्य भरती कार्यालय कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा सांभाळतं. शहरातल्या टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक सेनेची १०९ क्रमांकाची बटालियन आहे. सैनिक टाकळीसारख्या गावाच्या तर नावातच फौज आहे. त्यामुळे हा वाद इथे पेपरातून येत नाही, जेवणाच्या ताटावर होतो.

तक्रारीत दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. निवडीचे निकष ढिले झाले, ही एक. शिस्त गेली, ही दुसरी. दोन्हींचा इतिहास कोल्हापूर जिल्ह्यापुरता पाहिला तरी बराच मागे जातो.

शिस्तीपासून सुरुवात करायची तर शिवकालापर्यंत जावं लागतं. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेकडून ओरबाडाल आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल परवडले. दिवे जळते ठेवाल तर उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. इतक्या बारकाव्याने राजाला लिहावं लागलं, याचा अर्थ उघड आहे. हे सगळं घडत होतं किंवा घडण्याची भीती होती. शिस्त त्या काळीही आपोआप नव्हती, रोज राखावी लागत होती.

त्याच सुमाराचं दुसरं उदाहरण आपल्या गडहिंग्लज तालुक्यातलं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण मारले गेले. उमराणीला हाती आलेल्या खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी खरमरीत शब्द सुनावले होते, ते त्यांच्या जिव्हारी लागले होते. नेसरीच्या स्मारकापुढे आपण नतमस्तक होतो, आणि व्हावंच. पण आजच्या कुठल्याही सैनिकी प्रशिक्षण केंद्रात हा प्रसंग सेनापतीने फौज मागे ठेवून केलेल्या कृतीचा म्हणूनच शिकवावा लागेल. शौर्य आणि शिस्त या गोष्टी आपल्या लोकस्मृतीत नेहमी हातात हात घालून चाललेल्या नाहीत. 'जुनी शिस्त' म्हणताना आपल्याला पुष्कळदा जुनं शौर्य म्हणायचं असतं.

कोल्हापूरच्या गादीच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर मोठं प्रकरण आहे. गडावरचे हवालदार, सरनोबत, सबनीस एकाच जागी मुरू देऊ नयेत, ठरावीक वर्षांनी त्यांच्या बदल्या कराव्यात, असा त्यातला आग्रह आहे. माणूस एका जागी रुजला की त्याची निष्ठा हुकमापेक्षा जमिनीला चिकटते, हे पंत ओळखून होते. सव्वाशे वर्षांनी याच मुलखात त्याची दुसरी बाजू दिसली. पन्हाळा, सामानगड, भुदरगडावरचे गडकरी पिढीजात झाले होते आणि चाकरीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनींवर जगत होते. १८४४ साली इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कारभाराने त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे वळवली आणि गडकरी उठले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स त्यांच्या हाती सापडला, त्याला पन्हाळ्यावर ठेवलं. डिसेंबरात पन्हाळा पडला. कारभाऱ्यांच्या दप्तरात ही बेशिस्त ठरली. गडकऱ्यांच्या दृष्टीने मात्र चाकरीचा करार दुसऱ्या बाजूने मोडला होता.

तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ च्या रात्री, कोल्हापुरातल्या २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीने बंड केलं. खजिना लुटला गेला, काही शिपाई कोकणच्या बाजूने निघाले, वाटेत इंग्रज अधिकारी मारले गेले. इंग्रज अधिकारी कर्नल जेकब आला, पलटण निःशस्त्र झाली, कोर्ट मार्शल बसले आणि तोफेच्या तोंडी देण्यापर्यंतच्या शिक्षा झाल्या. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय धरून त्यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते तिथेच वारले. आपण आज त्यांना क्रांतिवीर म्हणतो. शिस्त मोडली हा निवाडा कोण देतं आणि कुठल्या बाजूने देतं, यावर केवढं अवलंबून असतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आता भरतीच्या दर्जाकडे. 'आताचे शिपाई पूर्वीसारखे राहिले नाहीत' हे वाक्य इथल्या माणसांबद्दल सरकारी धोरण म्हणून पहिल्यांदा जोरात आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारतातल्या फौजेचे सरसेनापती होते. मद्रास आणि मुंबई इलाख्यातल्या शिपायांचं लढाऊपण लांबलेल्या शांततेत ओसरलं, फौज भरायची तर पंजाबी, गुरखे, पठाण यांतून, असं त्यांचं ठाम मत. 'लढाऊ जमाती' हा सिद्धांत तो हाच. मराठ्यांच्या पलटणी राहिल्या, पण त्यांच्याकडे दुय्यम म्हणून पाहिलं जाऊ लागलं. महारांची भरती तर १८९२-९३ च्या सुमारास बंदच झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली, ज्यांच्या घरांत सुभेदार-जमादार झाले, त्या समाजाला सांगण्यात आलं की तुम्ही लढवय्ये नाही. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज केला. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेतले सुभेदार. निकष उंचावल्याच्या नावाखाली दार बंद करण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं अवघड. धावण्याची वेळ बदलली नव्हती, छातीचं माप बदललं नव्हतं. बदललं होतं ते मापणाऱ्याचं मत.

ते मत पहिल्या महायुद्धाने खोडून काढलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली, तरी फौज टिकून होती. पराभव झाला, पण 'शांततेत मऊ पडलेले' हा शिक्का पुसला गेला. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा मान मिळाला. इकडे माणसं कमी पडू लागली तसे सिद्धांत बाजूला पडले. ज्या जातींना घ्यायचं नाही म्हणून फायली तयार झाल्या होत्या त्यांना घेतलं गेलं, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा तरुणांच्या भरतीला जोर लावला. लष्करी नोकरीतून शेतकरी जातींना मान आणि रोख पगार मिळतो, हा त्यांचा हिशोब होता. युद्ध संपलं, खर्चात कपात आली, १९२१ मध्ये महार पलटण मोडली. १९४१ मध्ये पुन्हा गरज पडली तेव्हा बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असली की निकष लवचिक होतात आणि गरज सरली की तेच ताठ होतात, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. इतकी भरती झपाट्याने झाली तर दर्जा पडणारच, असा तर्क तेव्हाही होता. त्याच फौजेतून इटलीच्या मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्वातंत्र्यानंतर कोल्हापूर, बडोदा, हैदराबाद या संस्थानांच्या पलटणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सव्वाआठ लाखांचं सैन्य उभारण्याची योजना आली. घाईने अधिकारी नेमावे लागले, प्रशिक्षण आखूड केलं गेलं. हे तरुण अधिकारी तीन वर्षांत १९६५ ची लढाई लढले.

आजच्या वादात सर्वांत जास्त गैरसमज नोकरीच्या मुदतीबद्दल आहे. सतरा वर्षांची नोकरी आणि पेन्शन हीच फौजेची मूळ पद्धत, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. तसं नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवानाची सक्रिय सेवा सात वर्षांची होती, त्यानंतर तो राखीव दलात जायचा. ती आधी दहावर गेली, मग सत्तरच्या दशकात पंधरा आणि सतरावर. पंधरा वर्षांनी पेन्शन लागू होत असल्याने गावात पक्की घरं उभी राहिली, पोरं शिकली आणि आज 'आमच्या वेळची' म्हणून आठवली जाणारी फौज घडली. पण त्याचबरोबर जवानांचं सरासरी वय वाढत गेलं. कारगिलनंतरच्या आढावा समितीने सेवा पुन्हा सात ते दहा वर्षांवर आणा, असं सुचवलं होतं. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेली अग्निपथ योजना त्याच्याही खाली, चार वर्षांवर गेली. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार, शेवटी व्याजासह सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही, आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

इथे जुन्या हवालदाराच्या तक्रारीत मला तथ्य दिसतं, पण तो बोट ठेवतो तिथे नाही. तो म्हणतो पोरांत दम नाही. मैदानावरची कसोटी पाहिली तर हे अर्धवटच पटतं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण साठ गुण, दहा बीम (पुल-अप) काढले की चाळीस, शिवाय नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला उंची १६८ सेंटिमीटर. पूर्वी पावणेसहा मिनिटांच्या पुढचा पोरगा बाहेर जायचा. २०२५ पासून सव्वासहा मिनिटांपर्यंत कमी गुणांवर ठेवतात. ही सैलाई आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला यादीत वर यायचं आहे तो आजही साडेपाचच्या आतच धावतो.

खरा बदल क्रमाचा आहे. आधी ग्राउंड, मग मेडिकल, आणि जो टिकेल त्याची लेखी परीक्षा अशी रीत होती. २०२३ पासून संगणकावरची परीक्षा आधी आली. मैदानावरची गर्दी आटोक्यात यावी हा सैन्याचा हेतू होता आणि तो साधलाही. पण गगनबावड्याचा, शाहूवाडीचा धावण्यात वाकबगार पोरगा आता मैदान न बघताच बाहेर पडू शकतो. त्यातून गावोगावी अकॅडम्या वाढल्या, जिथे व्यायामासोबत गणित आणि सामान्य ज्ञानही घोटून घेतात. गरीब घराला ही फी जड जाते. दर्जा घसरला असं म्हणण्यापेक्षा चाळणी बदलली, आणि तिच्या छिद्रांतून वेगळी माणसं पलीकडे जातात, एवढं म्हणता येईल.

या चाळणीला भोक पडल्याचेही प्रसंग घडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये भरतीचा पेपर फुटला, अनेक केंद्रांवरची परीक्षा रद्द झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत पुण्यात पुन्हा पेपरफुटी उघड झाली आणि सैन्याला देशभरची परीक्षाच रद्द करावी लागली. पकडलेल्यांत सेवेतले लष्करी लोक होते. शिस्तीची काळजी करायची असेल तर ती पोरांच्या केसांच्या लांबीपेक्षा इथे करावी.

शिस्तीबद्दल लोक हल्ली मोबाइलचा दाखला देतात. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला. हे दल गृहखात्याचं, सैन्याचं नव्हे, पण पाठोपाठ सैन्यातल्या जवानांनीही साहेबांच्या घरी राबवून घेण्याबद्दल व्हिडिओ टाकले. लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या आणि समाजमाध्यमांवर जाणाऱ्यांना कारवाईची ताकीदही दिली. २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ ॲप्स वापरायला बंदी केली. ज्यांना हे नवीन वाटतं त्यांनी फेब्रुवारी १९४६ आठवावा: मुंबईत 'तलवार' तळावरच्या नौसैनिकांचा उठाव निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांवरूनच पेटला होता. फरक इतकाच की तेव्हा तक्रारीला वाट नव्हती. २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, कोर्ट मार्शलविरुद्ध जवान तिथे दाद मागू शकतो. जुन्या उस्तादाला हे तोंड वर करणं वाटतं. मला वाटत नाही.

मात्र एका गोष्टीचं उत्तर अजून कोणाकडे नाही. पलटणीत शिस्त लावतो तो नाईक आणि हवालदार; आठ-दहा वर्षं मुरलेला, शेजारच्याच तालुक्यातला, पोराच्या घरची परिस्थिती माहीत असलेला. अग्निवीराचं प्रशिक्षण सुमारे सहा महिन्यांत उरकतं, उरलेल्या साडेतीन वर्षांत त्याला त्या हवालदाराच्या हाताखाली शिकायचंही आहे आणि सोबतच्या तिघांना मागे टाकून चौथा व्हायचंही आहे. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून त्यातले काही कायम होऊन पलटणीत राहतील आणि बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी येतील. त्यांतले कितीजण पोलीस भरतीच्या रांगेत उभे राहतात, कितीजण शेताकडे वळतात, आणि पलटणीत राहिलेल्यांतून नाईक घडायला किती वर्षं लागतात, हे त्यानंतरच मोजता येईल.